विश्लेषण : ई-रिक्षा आल्या, माथेरानच्या घोड्यांचे काय?

माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. हातरिक्षा ओढणाऱ्यांसाठी ई-रिक्षांचा पर्यायही सुचवला. मात्र माथेरानमध्ये हातरिक्षा ९४ आणि घोडे सुमारे ४६० आहेत. या घोड्यांवर पोट असलेल्या अश्वपालांसमोर आता कोणता मार्ग उरतो?

घोडा नेमके काय काम करतो?

माथेरान २००३ पासून पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आहे. पर्यटकांच्या गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात. तिथून बाजारपेठ सुमारे अडीच-तीन किलोमीटर. हे अंतर पायी, अमन लॉजहून सुटणाऱ्या शटल गाडीने, रिक्षाने किंवा घोड्यावरून कापायचे. सामानही बऱ्याच अंशी घोड्यांवरूनच वर येते. हे झाले पोहोचवण्याचे काम. घोड्याचे दुसरे काम म्हणजे गावातून पॅनोरमा, वन ट्री हिल, लुईझा, इको असे पॉइंट दाखवून आणणे. झाडीतल्या तांबड्या मातीच्या वाटांवरची ही रपेट बहुतेकांच्या आठवणीत राहते. वादात मात्र ही दोन्ही कामे एकच समजली जातात आणि गोंधळ तिथेच होतो.

न्यायालयाने काय म्हटले?

माणसाने माणसाला ओढणे मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात आहे, हा निकालाचा गाभा. गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर राज्य सरकारने ई-रिक्षा घेऊन त्या भाड्याने द्याव्यात, पैसे नसल्याचे कारण सांगू नये, असेही न्यायालयाने बजावले. हातरिक्षा ओढणाऱ्यांना दिल्यानंतर उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला आणि परिसरातील इतरांना देता येतील. दुसरा भाग पेव्हर ब्लॉकचा. दस्तुरी नाका ते शिवाजी महाराज पुतळा या मुख्य रस्त्यावर ब्लॉक बसवायला परवानगी मिळाली. अंतर्गत रस्ते आणि पायवाटांवर मात्र मनाई आहे.

ब्लॉकला अश्वपालांचा विरोध का?

घोड्याच्या खुराला लोखंडी नाल असते. जांभ्याच्या मातीत ती रुतते, पकड मिळते. गुळगुळीत ब्लॉकवर, विशेषतः पावसात आणि उतारावर, ती घसरते. घोडा पडला तर वरचा पर्यटकही पडतो. ब्लॉकच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दाही खोटा नाही. मुसळधार पावसात माती वाहून जाते, उन्हाळ्यात तांबडी धूळ आणि वाळलेली लीद एकत्र उडते. म्हाताऱ्या माणसांना आणि शाळकरी मुलांना रोज याच रस्त्याने जावे लागते. त्यांच्यासाठी ई-रिक्षा ही चैन नाही.

विरोधामागे भाकरीचा हिशेबही आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. दस्तुरीवर उतरलेला पर्यटक हे अश्वपालाचे हमखास गिऱ्हाईक. त्याला शटल किंवा रिक्षा नाही असे सांगून दिशाभूल केली जाते, या तक्रारींवरून मार्च २०२५ मध्ये माथेरानकरांनी बंदही पाळला होता.

पुढे काय?

न्यायालयाने ब्लॉकची जी सीमा आखली, तीच प्रत्यक्षात धंद्याची सीमा ठरण्याची चिन्हे आहेत. दस्तुरी ते गाव हे अंतर ई-रिक्षाकडे जाईल आणि घोड्यांकडे मातीच्या वाटा राहतील. या वाटा वाचल्या, ही अश्वपालांच्या दृष्टीने निकालातील मोठी जमेची बाजू आहे. ती फारशी बोलली जात नाही. पण पॉइंटची रपेट शनिवार-रविवारच्या गर्दीवर चालते. पावसाळ्यात ती जवळपास थांबते आणि घोड्याच्या खुराकाचा खर्च रोजचा असतो. पोहोचवण्याचे काम गेल्यावर उरलेली रपेट ४६० घोड्यांना पुरेल का, याचा हिशेब मांडावा लागेल.

हातरिक्षावाल्यांसाठी न्यायालयाने पुनर्वसनाचा आराखडा दिला, कारण त्यांचा व्यवसाय बंद होणार होता. घोड्यांवर बंदी नाही, त्यामुळे भरपाईचा प्रश्नच कागदोपत्री उभा राहत नाही. उरलेल्या ई-रिक्षांमध्ये घोडा सोडू इच्छिणाऱ्यांना वाटा मिळतो का, पॉइंटचे दरफलक दस्तुरीवर ठळक लागतात का आणि ब्लॉकविना राहिलेल्या वाटांची माती दरवर्षी कोण भरणार, हे आता स्थानिक प्रशासनाच्या हाती आहे.