इंजिन आमचे, झडप कोणाची?

‘संपूर्ण स्वदेशी बनावटीचे’ हे विशेषण आपल्या वृत्तपत्रांत इतके स्वस्त झाले आहे की, ते वाचून कुणाची छाती फुगत नाही आणि कुणाला शंकाही येत नाही. रणगाडा असो, विमान असो वा रोजच्या प्रवासाची बस असो. सांगाडा आपण उभा केला, रंग आपण दिला, वर तिरंगा रेखला की यंत्र स्वदेशी झाले, अशी आपली सोयीस्कर समजूत आहे. या समजुतीची झाडाझडती घ्यायची तर इंजिनाच्या पोटात शिरावे लागते. तिथे एक लहानशी वस्तू असते. आपण तिला झडप म्हणतो, कारखान्यात व्हॉल्व्ह म्हणतात. इंधन किती जावे, कोणत्या क्षणी जावे, किती दाबाने जावे आणि केव्हा थांबावे, हे ती ठरवते. इंजिनाचे बळ पोलादाच्या ठोकळ्यात दिसते. त्याची अक्कल मात्र या झडपेत असते. आमचे परावलंबन नेमके तिथे दडून बसले आहे.

पेणजवळची रामवाडी म्हटली की रायगड जिल्ह्यातल्या माणसाला एसटी आठवते. त्याच एसटीचे उदाहरण घेऊ. जुन्या डिझेल बसच्या इंधनपंपात एक दट्ट्या आणि त्याची नळी अशी जोडी असे. दोहोंमधली फट अवघी दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ही फट केसाच्या विसाव्या हिश्शाहूनही कमी. (प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर, हा हिशेब डोक्यात शिरायला त्याला वेळ लागला.) एका जोडीतला दट्ट्या दुसऱ्या जोडीत चालत नाही, इतके त्यांचे परस्परांवर घासून सख्य जमवलेले असते. तरीही हा पंप आपल्या मेकॅनिकच्या आवाक्यात होता. तो खोले, धुई, चाचणीच्या मेजावर चढवी आणि प्रत्येक सिलिंडरला सारखे डिझेल जाते की नाही ते मोजून पाही. गाडी काळा धूर ओकू लागली की दोष कुठे आहे, हे तो आवाजावरून सांगे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक आले. हवा स्वच्छ राहावी म्हणून ते आलेच पाहिजे होते, याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी सामाईक नळीतून सुमारे दोन हजार वातावरणांच्या दाबाने इंधन फवारणारी, विजेच्या इशाऱ्यावर सेकंदाच्या सूक्ष्म अंशात उघडझाप करणारी झडप लागते. या विद्येची मालकी जर्मनीतील बॉश, जपानची डेन्सो अशा मोजक्या घरांकडे आहे. बॉशशी सहकार्य करून १९५१ साली बंगळूरमध्ये ‘मायको’ उभी राहिली, पुढे नाशिकच्या सातपूरला नोझल तयार होऊ लागले. हजारो मराठी घरांची चूल त्यावर पेटली, त्या कामगारांच्या कौशल्याविषयी आदरच आहे. परंतु सत्तर वर्षांनंतरही आराखड्याचा धनी जर्मनीतच असेल, तर आपण विद्या मिळवली की केवळ मजुरी? आणि दुरुस्ती करणारा मेकॅनिक आता काय करतो? संगणक जोडतो, त्यावर उमटलेला दोषक्रमांक वाचतो आणि सबंध इंजेक्टर बदलतो. दुरुस्ती संपली, अदलाबदल उरली.

“यात बिघडले काय?” असे आपले बाजारवादी विद्वान विचारतील. जगात जे उत्तम आणि स्वस्त मिळते ते विकत घ्यावे, प्रत्येक खिळा आपणच कशाला ठोकायचा, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हे गृहस्थ एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. विकणारा विकेनासा झाला तर? १९९१ मध्ये ‘इस्रो’ने अतिशीत इंजिनाच्या तंत्रज्ञानासाठी रशियाच्या ग्लावकॉसमॉसशी करार केला. १९९२ मध्ये अमेरिकेने दोन्ही संस्थांवर निर्बंध लादले आणि १९९३ मध्ये रशियाने तंत्रज्ञान देण्यापासून अंग काढून घेतले. तयार टप्पे मिळाले, विद्या मिळाली नाही. १९९८च्या पोखरण चाचण्यांनंतर तेजसच्या उड्डाण-नियंत्रणावर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना घरी धाडण्यात आले, त्यांचे साहित्य तिथेच अडकवले गेले. बाजार तेव्हाही मुक्तच होता. आपल्यापुरता तो बंद झाला.

येथवरचे विवेचन आपल्या वाचकाला मनापासून पटेल. पुढचे कदाचित पटणार नाही, पण सांगणे भाग आहे. झडप आपण घडवली, एवढ्याने काम संपत नाही.

१९७४ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारातून व्हायकिंग इंजिनाची विद्या आपल्याकडे आली. पैशाऐवजी आपल्या अभियंत्यांनी तिथे राबून तिची किंमत चुकवली. तेच आपले ‘विकास’ इंजिन. मुंबईच्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात आणि हैदराबादेत ते घडते. ही प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटावी अशी गोष्ट. या इंजिनात एक छोटा वायुजनक असतो. त्यात थोडे इंधन जळते, त्या वायूने टर्बाइन फिरते, टर्बाइन पंप फिरवते आणि पंप मुख्य दहनकक्षाला इंधन पुरवतात. वायुजनकाला किती इंधन द्यायचे, हे एक नियामक झडप सांभाळते. ती जरा अधिक सोडू लागली की सगळा तोल बिघडतो.

१० जुलै २००६ रोजी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही-एफ०२ उडाले. त्यावर इन्सॅट-४सी हा दोन टनांहून अधिक वजनाचा उपग्रह होता. बाजूच्या चार इंजिनांपैकी एकाचा जोर उड्डाणानंतर सेकंदाच्या पाचव्या हिश्शात गेला. सुमारे मिनिटाभरात यान मोडले आणि सारे बंगालच्या उपसागरात पडले. चौकशी समितीने सांगितले की आराखड्यात दोष नव्हता. नियामक झडप बंद अवस्थेतही हवे त्यापेक्षा कितीतरी अधिक इंधन सोडत होती. वायुजनकावर मर्यादेबाहेर ताण आला आणि तो फुटला. घडवताना अनवधानाने चूक झाली असावी आणि पुढच्या तपासणीतून, चाचणीतून ती निसटली. तो भाग कोणत्या यंत्रावर कातला गेला, याची चर्चा करण्यात हशील नाही. चूक हातून होतेच. पण तपासणाऱ्या डोळ्यांसमोरून ती पुढे सरकली, हे अधिक गंभीर आहे. इस्रोने ते लपवले नाही, जाहीर केले, आणि २ सप्टेंबर २००७ रोजी इन्सॅट-४सीआर यशस्वीपणे कक्षेत पोहोचवला. दोष उघडपणे मान्य करण्याची ही रीत आपल्या किती सरकारी खात्यांत आहे?

पुढेही झडपेने पाठ सोडली नाही. १२ ऑगस्ट २०२१ च्या जीएसएलव्ही-एफ१० मध्ये द्रवरूप हायड्रोजनच्या टाकीवरची दाब सोडणारी झडप गळली. तिच्यातले मऊ सील खराब झाले असावे, असा निष्कर्ष निघाला. टाकीतला दाब उतरला, अतिशीत इंजिन पेटले नाही, ईओएस-०३ उपग्रह गेला. जे इंजिन जगाने नाकारले आणि आपण ५ जानेवारी २०१४ रोजी स्वबळावर उडवून दाखवले, ते एका सीलपायी अडले! २९ जानेवारी २०२५ ला श्रीहरिकोट्याहून शंभरावे उड्डाण बिनचूक झाले, पण एनव्हीएस-०२ उपग्रहाच्या इंजिनाला प्राणवायूकारक द्रव देणाऱ्या झडपा उघडल्याच नाहीत आणि तो ठरलेल्या कक्षेत जाऊ शकला नाही.

म्हणून काय स्वदेशी सोडायचे? मुळीच नाही. पण स्वदेशी म्हणजे घोषणा नव्हे, ती शिस्त आहे. पेणच्या मूर्तिशाळेत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर सर्वांत अनुभवी असतो. रेघ वाकडी गेली तर मूर्ती कुणी घेत नाही, कारण गिऱ्हाईक समोर उभे राहून पाहते. झडपेच्या आत गिऱ्हाईक पाहू शकत नाही. तिथे पाहणारा डोळा समाजाने घडवावा लागतो, आणि तो घडवण्यात आम्ही हयगय केली आहे. लेथवर उभा राहणारा मुलगा आमच्या लेखी ‘शिकला नाही म्हणून आयटीआयला गेला’ असा असतो. लग्नाच्या बाजारात संगणकावर परदेशी गिऱ्हाइकाचे हिशेब लिहिणाऱ्याला मान, मायक्रॉन मोजणाऱ्याला नकार. ज्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, ते मुळात चित्रकला शिकायला जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंगांधळेपणामुळे रंग सुटले, ते यंत्ररेखनाकडे वळले, त्याचे शिक्षक झाले आणि नांगर घडवू लागले. लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात, तरी त्यांनी दर्जा सैल होऊ दिला नाही. त्यांचे नाव आम्ही घेतो, त्यांच्यासारखे हात काळे करून घेत नाही.

आता विजेच्या बस आल्या की झडपांचे काम संपले, असेही कोणी म्हणेल. त्या बसच्या ब्रेकमध्येही हवेच्या झडपा असतात, बॅटरी थंड ठेवणाऱ्या द्रवालाही झडप लागते. धाटावच्या रासायनिक कारखान्यांत, डोलवीच्या पोलाद कारखान्यात तर झडप हा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

तेव्हा मागणी साधी आहे. अचूक मोजमाप वीस अंश सेल्सिअसला करायचे, असा जगाचा दंडक आहे. कारण दहा मिलिमीटरचा पोलादी दट्ट्या दहा अंश तापला की एक मायक्रॉनहून अधिक फुगतो. दोन मायक्रॉनच्या फटीत एक मायक्रॉन म्हणजे अर्धा खेळ खलास. कोकणच्या उकाड्यात, पंख्याखाली, झिजलेल्या मायक्रोमीटरने हे मोजता येणार नाही. रायगड जिल्ह्यातल्या किती आयटीआयमध्ये तापमान राखलेला मोजमाप कक्ष आहे, तिथली उपकरणे शेवटची केव्हा पडताळली गेली आणि ती हाताळायला शिकवणाऱ्या निदेशकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हे तीन प्रश्न आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात विचारावेत आणि मिळालेली उत्तरे रामवाडीच्या नाक्यावर फलकावर लावावीत.