लोकांच्या गाडीला जागा कोठे?

१ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला एसटीची पहिली गाडी गेली. खासगी मोटारमालकांच्या हातची वाहतूक सार्वजनिक मालकीची करण्याचा तो आरंभ होता. त्या काळच्या गाड्या आज कोठे आहेत? आयुष्य संपलेली गाडी लिलावाने भंगारात काढावयाची, हाच रिवाज. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी व महामंडळांच्या वाहनांना नोंदणीचे नूतनीकरणच नाही. उलट, २०२१ साली केंद्राने पन्नास वर्षांवरील वाहनांना ऐतिहासिक म्हणून खास नोंदणी दिली ती फक्त दुचाकींना आणि खासगी मोटारींना. संस्थानिकांच्या मोटारी वारसा ठरल्या. बाजारकरी आणि शाळकरी पोरे ज्यातून गेली ती बस भंगार!

ज्या महामंडळाच्या कामगारांना २०२१-२२ मध्ये महिनोन्‌महिने संप करावा लागला, तेथे हे लाड कशासाठी, असे कोणी विचारील. प्रश्न गैर नाही. परंतु प्रत्येक नमुन्याची एक गाडी लिलावातून वगळण्यास कितीसे लागते? दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील कार्यशाळांत नुसत्या चासीवर सांगाडा उभारून ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने ठोकणारे कारागीर निवृत्त होत आहेत. ती विद्या कागदावर नाही, हातांत आहे. राज्य सरकारने केंद्राकडे सवलत मागावी, दापोडीत एक शेड द्यावी आणि जुन्या गाड्यांची दुरुस्ती या निवृत्तांकडून करून घ्यावी. मात्र पुरते वेतन देऊन, मानधनाच्या नावाखाली नव्हे.