‘अचानक’ या शब्दाविषयी

कर्करोगाची हकीकत सांगताना आपण ‘अचानक’ हा शब्द हमखास वापरतो. कथानकाला तो सोयीचा असतो, वस्तुस्थितीला नव्हे.

पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही संशोधनसंस्था आहे. मुखाचा कर्करोग हा तिच्या अभ्यासाचा एक प्रमुख विषय. या रोगाविषयी १९५३ साली स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७८३ रुग्णांच्या अभ्यासातून दाखवले की, गाठीभोवतीचे वरवर निरोगी दिसणारे अस्तरही बदललेले असते. गाठ हे एक रोपटे. बिघडलेले असते ते सारे शेत. पुढे २०१५ मध्ये पापणीच्या निरोगी त्वचेतील सुमारे एक चतुर्थांश पेशींत कर्करोगाला पोषक असे जनुकीय बदल आढळले. तरीही अशा बहुसंख्य पेशी कर्करोगापर्यंत कधीच पोहोचत नाहीत.

म्हणजे ‘निरोगी’ आणि ‘रोगी’ यांतील रेघ आपल्या भाषेत आहे तितकी ठळक शरीरात नाही. सुझन सोंटॅग यांनी १९७८ मध्ये आजाराच्या रूपकांवर आक्षेप घेतला. माझा आक्षेप त्याहून साध्या, रूपकही नसलेल्या या क्रियाविशेषणावर आहे. ‘अचानक’ म्हटले की तंबाखूची वीस वर्षे कथेतून गळतात, ती विकणारेही सुटतात. शिवाय, न दुखणारा पांढरा चट्टा तपासून घ्यायचे कारणच उरत नाही. उपचार सोपे असतात ते नेमके त्याच टप्प्यावर.