मेकॅनिकला फोन लावायच्या आधी

फरशी धुण्याचं बॅटरीवरचं मशीन घेऊन सफाईचा धंदा करताय? माझं स्पष्ट मत: आधी मल्टिमीटर वापरायला शिका, मग काँट्रॅक्ट घ्या. संभाजीनगरहून मेकॅनिक जालन्याला येईपर्यंत गिऱ्हाईक थांबत नाही.

रात्रभर चार्ज करूनही मशीन अर्ध्या तासात दम टाकतं? 24 व्होल्टच्या मशीनमध्ये बहुधा 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. लगेच दोन्ही बदलू नका. स्विच बंद करा, टर्मिनलवरचा पांढरा थर काढा, वायरी घट्ट करा. पुन्हा फुल चार्ज करून चार-पाच तासांनी दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एक 12.7 आणि दुसरी 12.1 दाखवते? मग दोष दुसरीत आहे. पाणी भरायच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटरच टाका. बोअरचं टाकणारे मी पाहिलेत, त्यातल्या क्षारांनी बॅटरी लवकर जाते.

फरशीवर पाणी राहतं, त्यात बॅटरीचा दोष क्वचितच. पाइपातला कचरा काढा, टाकीचं झाकण नीट बसवा, मागचं रबर झिजलं असेल तर उलटवून लावा. एमआयडीसीतल्या रोलिंग मिलचं काम असेल तर ब्रशमधला लोखंडाचा कीस रोज काढा, नाहीतर नवं रबरही लवकर फाटतं.