तांबड्या विमानाचा अर्धा इतिहास

आमच्या विद्यार्थ्यांस विमानांचे वेड आहे ह्यात नवल नाही. लोहगावच्या तळावरून उठलेली लढाऊ विमाने गर्जत जाऊ लागली की तास गणिताचा असो वा भाषेचा, वर्गातील निम्म्या माना खिडकीकडे वळतात. परंतु अलीकडे ह्या वेडास एक विशिष्ट रंग चढला आहे, आणि तो रंग तांबडा आहे. संगणकावरील खेळ व चित्रपट ह्यांच्या द्वारे ‘रेड बॅरन’ हे नाव मुलांच्या तोंडी बसले आहे. यंदा प्रदर्शनासाठी काही मुलांनी पुठ्ठ्याचे तीन पंखी तांबडे विमान केले, तेव्हा पालकवर्गाची दोन मते आमच्या कानी आली. माणसे मारण्यात ज्याने नाव मिळविले त्याचे कौतुक शाळेने का करावे, असे काहींचे म्हणणे. तर शंभर वर्षे उलटून गेली, आता ते निव्वळ यंत्रशास्त्र आहे, त्यात नीतीची चर्चा कशास, असे दुसऱ्यांचे. आम्हांस दोन्ही मते अपुरी वाटतात. विमान अवश्य करावे. मात्र ज्याने ते केले त्याने त्याचा इतिहास अर्धा सांगू नये.

पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा विमान हे शत्रूच्या हालचाली पाहण्याचे साधन होते. पुढे फिरत्या पंख्याच्या पात्यांस न लागता त्यांच्यामधून गोळ्या सुटाव्यात अशी योजना १९१५ साली फॉकरच्या विमानांत आली, आणि विमान हीच एक उडती बंदूक झाली. १९१६ च्या ऑगस्टात जर्मनीने केवळ लढाईसाठी स्वतंत्र पथके उभारण्यास प्रारंभ केला. ह्या पथकांस ‘यास्टा’ म्हणत. दुसऱ्या क्रमांकाच्या यास्टाचा नायक ओस्वाल्ड बोल्के हा खरा गुरू. सूर्य पाठीशी ठेवून हल्ला करावा, अगदी जवळ गेल्यावाचून गोळी झाडू नये, असे नियम त्याने घालून दिले व नवशिक्यांकडून ते घोटून घेतले. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला ऐन झुंजीत त्याच्याच पथकातील मित्राचे विमान त्याच्या विमानास घासले, आणि चाळीस विजय मिळविलेला हा पंचवीस वर्षांचा तरुण शत्रूच्या गोळीवाचून मरण पावला.

त्याचा शिष्य मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन. १९१७ च्या जानेवारीत अकराव्या यास्टाचे नायकत्व त्याजकडे आले आणि त्याने आपले विमान तांबडे रंगविले. त्या एप्रिल महिन्यात इंग्रजांची २४५ विमाने नष्ट झाली. त्यांपैकी ८९ एकट्या ह्या पथकाने आपल्या नावावर मांडली. जूनमध्ये चार पथके एकत्र करून त्याच्या हाती देण्यात आली. जेथे लढाईचा जोर असेल तेथे ही मंडळी आगगाडीने सामानसुमान हलवीत, आणि विमानांचे रंग तर नाना प्रकारचे. म्हणून लोक त्यांस ‘उडती सर्कस’ म्हणू लागले. आज ह्या गावी तर उद्या त्या गावी तंबू ठोकणारी सर्कस ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे नाव किती चपखल होते ते कळेल. मुलांच्या नमुन्यापुरती एक दुरुस्ती येथेच सांगून ठेवतो. रिश्टहोफेनच्या ऐंशी विजयांपैकी सुमारे साठ त्याने साध्या दोन पंखी विमानांतून मिळविले. तीन पंखी विमान त्याजपाशी शेवटच्या काही महिन्यांतच होते.

आता जे खेळात दाखवीत नाहीत ते. प्रत्येक विजयागणिक हा गृहस्थ बर्लिनच्या एका जवाहिऱ्याकडून रुप्याचा छोटा पेला करवून घेई व त्यावर तारीख आणि पाडलेल्या विमानाचा प्रकार कोरवी. साठ पेले झाले, आणि मग पेले थांबले. मन द्रवले म्हणून नव्हे; युद्धामुळे जर्मनीत रुपे दुर्मिळ झाले म्हणून! विजय हा शब्द आपण सहज उच्चारतो. त्या प्रत्येक पेल्यामागे एक किंवा दोन माणसे आहेत, आणि त्यांपैकी पुष्कळ जण आमच्या अकरावी-बारावीच्या मुलांहून दोनचार वर्षांनीच मोठे होते. १९१८ च्या २१ एप्रिलला तो स्वतः पडला तेव्हा त्याचेही वय पंचवीसच होते. ऑस्ट्रेलियन शिपायांनी लष्करी मानाने त्याचे दफन केले. हा शत्रूविषयीचा आदर खरा होता व तो मुलांनी जाणावा. परंतु त्या आदरावरून आकाशातील युद्ध हे जणू शूर सरदारांचा खेळ होते असा जो समज पसरविला जातो, तो आम्हांस मान्य नाही. पाठीमागून, उन्हाच्या आडून, दिसण्यापूर्वी मारावे हीच तर त्या शाळेची शिकवण होती.

आमच्या पालकांपैकी अनेकजण चाकणच्या कारखान्यांत मालाची तपासणी करण्याचे काम करतात. त्यांनी मुलांस पुढील गोष्ट अवश्य समजावून द्यावी. १९१७ च्या ऑक्टोबर अखेरीस पंधराव्या यास्टाचा नायक हाइनरिश गोंटरमान हा हे नवे तीन पंखी विमान घेऊन उडाला असता वरचा पंख हवेतच मोडला आणि तो मेला. दुसरा एक वैमानिक तसाच गेल्यावर विमाने जमिनीवर ठेवून चौकशी झाली. दोष आढळला तो कारागिरीचा: पंखांच्या आतील लाकूडकाम निकृष्ट होते, रोगण नीट दिलेले नव्हते, ओल शिरून सांधे सुटत होते. ज्या विमानाची चित्रे मुले भिंतीवर लावतात त्याचे हे बळी शत्रूने घेतले नाहीत. ‘चालेल’ म्हणून पुढे ढकललेल्या मालाने घेतले.

आणखी एक नाते असे. ‘मर्सिडीज’ हे नाव आमच्या परिसरास परके नाही. १९९५ पासून पिंपरीत व २००९ पासून चाकणला ह्या नावाच्या मोटारी तयार होऊ लागल्या, आणि त्या नावाने कित्येक घरांच्या चुली पेटल्या. त्याच नावाचे १६० अश्वशक्तीचे इंजिन त्या काळच्या अल्बाट्रॉस विमानांत व पुढे फॉकरच्या ‘डी-सात’ विमानांतही बसविले जाई. हे सांगण्यात आमचा हेतू कोणाच्या मनात किल्मिष उत्पन्न करण्याचा नाही. भाकरी देणाऱ्या यंत्रास इतिहास असतो, एवढेच आमचे म्हणणे.

कारण त्या विमानांसमोर जे उडत होते त्यांत आपलीही माणसे होती. इंग्रजी हवाई दलात अधिकारपद मिळण्यास युरोपीय वंशाचा असावे लागे. हरदितसिंग मलिक ह्यांस ह्या कारणास्तव प्रथम नकार मिळाला, आणि ते फ्रान्सात जखमींच्या गाडीवर चालक झाले. पुढे १९१७ साली त्यांस प्रवेश मिळाला. कलकत्त्याचे इंद्रलाल राय ह्यांनी १९१८ च्या जुलैत तेरा दिवसांत दहा विजय नोंदविले, आणि २२ जुलै रोजी एकोणतिसाव्या यास्टाच्या विमानांशी लढताना वयाच्या एकोणिसाव्या वर्षी ते पडले. सेन नावाचे तिसरे वैमानिक जर्मनांचे बंदी झाले. चौथे आपल्या मुंबईचे, केंब्रिजमध्ये शिकलेले श्रीकृष्ण वेलिणकर.

वेलिणकर तेविसाव्या पथकात ‘डॉल्फिन’ जातीचे विमान चालवीत. हे विमान मोठे चमत्कारिक. त्याचा खालचा पंख पुढे व वरचा मागे, आणि वैमानिकाचे मस्तक वरच्या पंखातील मोकळ्या चौकटीतून बाहेर! सभोवार उत्तम दिसे, परंतु विमान उलटले तर पहिला आघात मस्तकावर. १९१८ च्या २७ जूनला ते उडाले ते परतले नाहीत. जखमी स्थितीत शत्रूच्या हाती पडून ३० जूनला त्यांचे देहावसान झाले. त्यांपैकी मधल्याच दिवशी, २९ जूनला, चौथ्या यास्टाचा नायक एर्न्स्ट उडेट हा आपले विमान निकामी झाल्यावर हवाई छत्रीने उतरून सुखरूप घरी गेला. इंग्रजांनी आपल्या विमानचालकांस ही छत्री युद्ध संपेपर्यंत दिली नाही. वेलिणकरांजवळ ती असती तर ते वाचले असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु हा फरक शौर्याचा नव्हता, वरिष्ठांच्या निर्णयाचा होता, आणि इतिहासाच्या तासाला तो सांगितला पाहिजे.

जुने झाले म्हणून ते निरुपद्रवी झाले, असे मानणाऱ्या पालकांस आम्ही एकच स्मरण देतो. रिश्टहोफेनच्या पथकसमूहाचे नायकत्व १९१८ च्या जुलैत हेर्मान ग्योरिंग ह्याजकडे आले. त्या कीर्तीच्या भांडवलावर तो पुढे हिटलरच्या हवाई दलाचा प्रमुख झाला, आणि १९३५ साली जर्मनीने नवे हवाई दल उघडपणे उभे केले तेव्हा त्यातील एका तुकडीस रिश्टहोफेनचेच नाव देण्यात आले. मृत वीराच्या रंगीत विमानाकडे पाहून जी मुले भारावली होती, ती तोपर्यंत लढण्याच्या वयाची झाली होती.

ह्यास्तव तांबड्या विमानाशेजारी डॉल्फिन ठेवावे व त्याच्या पाटीवर वेलिणकरांचे नाव लिहावे, असे आमचे मत आहे. रायसाहेबांची समाधी एस्तव्हेल येथे आहे. त्यांस जर्मनांनीच पुरले, आणि तिच्या दगडावर बंगाली अक्षरे कोरलेली आहेत. वेलिणकर विसावले आहेत ते फ्रान्सातील आमियाँ शहराच्या आग्नेयेस, हांगार नावाच्या लहानशा खेड्याच्या स्मशानभूमीत. कारखान्याच्या कामानिमित्त जर्मनीस जाणाऱ्या आमच्या पालकांपैकी कोणास चार दिवसांची सवड लाभली, तर तेथे जाऊन यावे व त्या दगडाचे छायाचित्र शाळेस आणून द्यावे. पाटी करताना मुलांस ते उपयोगी पडेल.