नफ्याच्या नकाशाबाहेरचे अरण्य

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशातील सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेटचे दार उघडले. नोव्हेंबर १९९८ मध्ये अटलजींच्या सरकारने शासकीय मक्तेदारी मोडून खासगी कंपन्यांनाही ही सेवा देण्याची मुभा दिली. पुढच्या वर्षी नवे दूरसंचार धोरण आले आणि दर कोसळू लागले. ज्या सेवेसाठी एकेकाळी प्रतीक्षा करावी लागे, ती मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीयाच्या घरात नळाच्या पाण्यासारखी वाहू लागली. हे यश निर्विवाद आहे. पण याच महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड, एटापल्ली आणि धानोरा तालुक्यांच्या अंतर्भागात, हे पाणी का पोहोचले नाही, हा प्रश्न त्या यशाच्या गौरवगाथेत कोणी विचारत नाही.

उत्तर अवघड नाही. कंपनी ग्राहक मोजते, नागरिक नव्हे. सुमारे तीन चतुर्थांश भूभाग वनाच्छादित असलेल्या जिल्ह्यात दहा-वीस घरांच्या टोल्यासाठी केबल टाकणे तिच्या हिशेबात बसत नाही. तिला त्याबद्दल दोष देण्यात अर्थ नाही. व्यापाराचा तो स्वभावच आहे. म्हणूनच शासनाने २००२ पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधीची व्यवस्था केली. शहरी ग्राहकांच्या बळावर कंपन्यांनी कमवावे आणि त्या महसुलाचा पाच टक्के वाटा उपेक्षित भागांसाठी द्यावा, असा हा न्याय्य विचार. प्रत्यक्षात काय घडले? कर नियमित जमा झाला; निधीचा मोठा भाग मात्र वर्षानुवर्षे अखर्चित पडून राहिला. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. नाव बदलले, पण वृत्तीही बदलली काय?

येथे दोन युक्तिवाद हमखास पुढे येतात. पहिला असा की, ज्यांना पोटभर अन्न आणि धड रस्ता नाही, त्यांना इंटरनेट कशाला? हा युक्तिवाद करणाऱ्यांनी रेशन दुकानातील अंगठ्याचे यंत्र पाहावे. आधारची पडताळणी, धान खरेदीची नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज, अनुदानाची रक्कम, हे सारे शासनानेच जाळ्यावर नेले आहे. दुकानदाराने यंत्र घेऊन 'रेंज' मिळेल त्या टेकडीवर जावे आणि गावाने त्याच्यामागे चालावे, ही विटंबना शासननिर्मित आहे. हक्काची वाट ज्या तारेतून जाते, ती तार चैन कशी ठरते? २०२० च्या महामारीत शाळा पडद्यावर गेल्या, तेव्हा या अरण्यातील मुलांची शाळा कोठे होती?

दुसरा युक्तिवाद सुरक्षेचा. माओवाद्यांनी मनोरे जाळले, हे सत्य आहे आणि ते पाप त्यांच्याच माथी आहे. वनवासींच्या मुक्तीची भाषा बोलायची आणि त्यांचाच रुग्णवाहिकेला हाक मारण्याचा मार्ग राखेत मिळवायचा, ही कसली क्रांती? पण सारा दोष बंदुकीवर ढकलून यंत्रणेला हात झटकता येणार नाहीत. नक्षलग्रस्त राज्यांत मनोरे उभारण्याची योजना २०१४ मध्ये मंजूर झाली. ते मनोरे 'टूजी'चे होते. २०१६ नंतर शहरांत 'फोरजी'चा महापूर आला. २,३४३ मनोऱ्यांना ती क्षमता देण्याचा निर्णय मात्र एप्रिल २०२२ मध्ये झाला. ही सहा वर्षे कोणत्या नक्षलवाद्याने रोखली होती? १५ ऑक्टोबर २०२५ रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीतच शरण आला. सबबींचा काळ सरत आला आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य शासनाने स्टारलिंक या अमेरिकी कंपनीशी आशयपत्र केले. त्यात दुर्गम जिल्हा म्हणून गडचिरोलीचा समावेश आहे. पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, अशा वेळी उपग्रहसेवा निश्चित उपयोगी पडेल. पण आपत्काळातील काठीलाच पाय समजणे शहाणपणाचे नाही. ज्या सेवेची कळ परदेशी हाती आहे, तिच्यावर सीमावर्ती जिल्ह्याचा कायमचा भार टाकावा काय? विशेषतः सप्टेंबर २०२५ मध्ये स्वदेशी बनावटीच्या 'फोरजी' तंत्रज्ञानावर बीएसएनएलचे जाळे राष्ट्राला अर्पण झाले असताना?

तेव्हा मागणी साधी आणि नेमकी हवी. २०११ मध्ये संकल्पित होऊन पुढे 'भारतनेट' झालेल्या योजनेची केबल ग्रामपंचायतीच्या भिंतीपर्यंत आली, एवढ्याने समाधान नको. ती चालू आहे काय, हे गावनिहाय जाहीर व्हावे. तुटलेली केबल जोडण्याची मुदत ठरावी आणि ती पाळली न गेल्यास दंड व्हावा. देखभालीचे काम स्थानिक वनवासी तरुणांना प्रशिक्षण देऊन सोपवावे. केबल आणि वीज यांच्या वनपरवानग्या एकाच वेळी निकाली काढाव्यात. विजेविना मनोरा हा केवळ लोखंडी सांगाडा असतो. आणि जाळे जोपर्यंत विश्वासार्ह होत नाही, तोपर्यंत अंगठा उमटला नाही म्हणून एकाही कुटुंबाचे धान्य अडता कामा नये.

सूरजागडचे लोहखनिज बाहेर काढण्यासाठी यंत्रे अरण्यात पोहोचू शकतात. मग त्याच एटापल्ली तालुक्यातील विद्यार्थिनीपर्यंत एक तार पोहोचविणे अशक्य कसे? राष्ट्राची एकात्मता घोषणांनी जशी टिकत नाही, तशी ती महानगरांच्या वेगानेही मोजता येत नाही. शेवटच्या टोल्यावरील नागरिकाला आपली हाक ऐकली जाते, असा अनुभव ज्या दिवशी येईल, त्या दिवशीच हे जाळे खऱ्या अर्थाने राष्ट्रीय म्हणता येईल.