दोषांची वही आणि पोटगी

गेल्या महिन्यात लातूरच्या माझ्या दवाखान्यात सत्तरीचे एक निवृत्त गृहस्थ सपत्नीक आले. रक्तदाब १७०/१००, झोप उडालेली, मधुमेहाच्या गोळ्यांचे वेळापत्रक विस्कटलेले. कारण विचारताच त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. मुलगी दोन वर्षांपासून माहेरी आहे. न्यायिक विभक्ततेचा हुकूम झाला असून पोटगीचा अर्ज चालू आहे. वहीत जावयाचे दोष तारीखवार नोंदलेले. "डॉक्टरसाहेब, एवढं दाखवलं की पोटगी दुप्पट होईल," ते म्हणाले. बाईंची काळजी नेमकी उलट होती. सासरच्यांनी मुलीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले आहेत. आता तिला काहीच मिळणार नाही का, असे त्यांनी हलक्या आवाजात विचारले.

मी वकील नाही. परंतु हे प्रश्न माझ्या टेबलावर इतक्या वेळा येतात की त्यांची माहिती करून घेणे मला भाग पडले.

हिंदू विवाह कायदा, १९५५ ज्यांना लागू आहे, त्यांच्या कायमच्या पोटगीचा विचार कलम २५ खाली होतो. घटस्फोटाप्रमाणेच न्यायिक विभक्ततेनंतरही ती मागता येते, आणि पती-पत्नी दोघांपैकी कोणालाही मागता येते. दोघांचे उत्पन्न व मालमत्ता यांच्यासोबत दोघांचे वर्तनही न्यायालय पाहते. म्हणजे ती वही अगदीच निरुपयोगी नव्हे. मात्र पोटगी हा दंड नाही. दोषांची पाने मोजून रक्कम वाढत नाही. गरज किती आणि ऐपत किती, हा मुख्य हिशोब असतो.

चारित्र्याच्या आरोपाचेही तसेच. पोटगी ठरल्यावर पत्नीचे किंवा पतीचे विवाहबाह्य संबंध सिद्ध झाले, तर न्यायालय ती कमी करू शकते वा रद्दही करू शकते. पूर्वीच्या कलम १२५ चे, म्हणजे आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतील कलम १४४ चे शब्द 'व्यभिचारात राहणे' असे आहेत. न्यायालयांनी त्याचा अर्थ सातत्याने चाललेले संबंध असा लावला आहे. नुसता संशय किंवा शेजाऱ्यांची कुजबुज पुरत नाही. आरोप करणाऱ्याने तो सिद्ध करावा लागतो. हे ऐकताना बाईंनी पदराने डोळे पुसले.

नांदेडचे एक प्रकरण या संदर्भात पुष्कळांना धक्का देऊन गेले. क्रूरता आणि परित्याग या कारणांवरून एका शिक्षिकेने मागितलेला घटस्फोट २०१५ मध्ये मंजूर झाला. पुढे माजी पतीनेच तिच्याकडे पोटगी मागितली. उत्पन्न नाही आणि प्रकृतीही साथ देत नाही, असे त्याचे म्हणणे. नांदेडच्या न्यायालयाने दरमहा ३,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. थकबाकी साचल्यावर तिच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये कापण्याचा आदेश शाळेला दिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे आदेश कायम ठेवले. ही रक्कम अंतरिम होती हे लक्षात घ्यावे. अंतरिम टप्प्यावर निर्वाहाचा प्रश्न आधी येतो. कायमची पोटगी ठरवताना वर्तनाचा विचार होतो. तिच्या मनाला काय वाटले असेल, याची कल्पना मी करू शकतो.

प्रकृतीचा मुद्दा आला की मंडळी आम्हा डॉक्टरांकडे वळतात. 'कामास असमर्थ' असा दाखला मागणारे पती मी पाहिले आहेत, आणि जावई ठणठणीत असल्याचे न तपासता लिहून द्या म्हणणारे सासरेही. तपासणीत जे आढळते त्यापलीकडे एक ओळही मी लिहीत नाही. त्यावरून दोन कुटुंबे माझ्याकडे यायची थांबली. त्याला इलाज नाही.

त्या गृहस्थांना मी वही मिटायला सांगितली आणि दुसरी यादी लिहून दिली. मुलीच्या औषधोपचाराच्या पावत्या, मारहाणीनंतर उपचार घेतले असल्यास त्या दिवसाचे केसपेपर, नातवाची फी, बँकेचे पासबुक. जावयाच्या पगाराची व शेतीच्या सात-बाराची जी माहिती मिळेल ती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या एका निकालाने दोन्ही बाजूंनी उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र देणे आवश्यक केले आहे. (ते प्रकरण मूळचे नागपूरचे.) पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असेही त्यात म्हटले आहे, म्हणून तारखा लांबल्या तरी धीर सोडू नये. वकिलाची फी परवडत नसेल, तर स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दूरध्वनी क्रमांक १५१००.

आणि घरी आलेल्या मुलीसमोर ती वही रोज वाचू नका, असे मी त्यांना जरा कडक शब्दांत सांगितले. तिला त्यातले प्रत्येक पान पाठ असते.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा रक्तदाब १५०/९० होता. गोळ्या वेळेवर चालू आहेत. झोप अजून तुटक आहे. पुढची तारीख जवळ आली आहे.